अवर्षणकाळातील पशुधन व्यवस्थापन : माणदेशातील चाऱ्याच्या ताळेबंदाच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

अवर्षणाची चर्चा होते तेव्हा पिण्याचे पाणी आणि बुडालेली पिके यांना स्वाभाविकपणे अग्रक्रम मिळतो. जनावरांचा प्रश्न पुढे येतो तो चारा छावण्या उघडल्यानंतर, आणि तोही बहुधा अनुदानाच्या वादापुरता. सातारा जिल्ह्यातील माण व खटाव, सांगली जिल्ह्यातील आटपाडी आणि सोलापूर जिल्ह्यातील सांगोला हे तालुके स्थूलमानाने माणदेश म्हणून ओळखले जातात. येथील सरासरी पाऊस ५०० मिलीमीटरच्या आसपास असून खिल्लार गोवंश ही या भूमीची ओळख आहे. या प्रदेशापुरते बोलायचे तर कळप टिकणार की मोडणार हे मार्च-एप्रिलमध्ये ठरत नाही, ते दिवाळीच्या सुमारासच ठरून गेलेले असते. हा मुद्दा स्पष्ट करणे एवढेच प्रस्तुत लेखाचे प्रयोजन आहे.

चाऱ्याचा ताळेबंद

माणदेशातील वैरणीचे वर्ष दोन टप्प्यांचे असते. बाजरीचे सरमाड पावसाळा संपता संपता हाती येते. परंतु खरा आधार असतो तो रब्बी ज्वारीच्या, विशेषतः मालदांडीच्या कडब्याचा, आणि तो मिळतो फेब्रुवारी-मार्चमध्ये. ही ज्वारी मुख्यतः उत्तरा व हस्त नक्षत्रांच्या पावसावर उभी राहते. हस्त कोरडा गेला की येत्या वर्षी कडबा येणार नाही, हे शेतकऱ्याला दिवाळीपर्यंत कळून चुकलेले असते. म्हणजेच निर्णयासाठी लागणारी सर्व माहिती त्याच वेळी उपलब्ध असते: गंजीत किती शिल्लक आहे, दावणीला किती जनावरे आहेत आणि नवीन वैरण हाती येण्यास किती दिवस आहेत.

कडबा पेंढ्यांच्या शेकड्यावर मोजण्याची आपली रीत आहे; मात्र पेंढीचे वजन गावागणिक बदलते. म्हणून दहा पेंढ्या तोलून सरासरी काढणे ही ताळेबंदाची पहिली पायरी होय. प्रौढ देशी जनावरास निव्वळ जगण्यापुरता दररोज ६ किलो कोरडा चारा धरला, तर पुढील काल्पनिक उदाहरण पाहता येईल. एका कुटुंबाकडे पाच मोठी जनावरे व ४,५०० किलो वैरण आहे. रोजचा खर्च ३० किलो. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापासून ही वैरण १५० दिवस, म्हणजे एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापर्यंत पुरेल. याच वेळी दोन जनावरे कमी केली, तर रोजचा खर्च १८ किलोंवर येऊन वैरण २५० दिवस, म्हणजे जुलैच्या मध्यापर्यंत जाते. परंतु तीच दोन जनावरे ९० दिवसांनी, फेब्रुवारीत कमी केली, तर तोवर २,७०० किलो वैरण संपलेली असते व उरलेली १,८०० किलो तीन जनावरांना १०० दिवसच पुरते. ती मेच्या मध्यास संपते. निर्णय तोच, जनावरे तीच; केवळ तीन महिन्यांच्या विलंबाने दोन महिन्यांची वैरण गमावली जाते, आणि तीही उन्हाळ्याच्या ऐन अखेरीची.

या हिशोबात कुट्टीचेही स्थान आहे. अख्खा कडबा टाकला तर जनावर पाने व वरचा कोवळा भाग खाऊन जाड बुडखे टाकून देते. कुट्टी केल्यास हे चघळ बरेच कमी होते. सुकाळात हे नुकसान खपून जाते, अवर्षणात ते परवडत नाही.

भरलेले पोट, उपाशी जनावर

वैरण पुरली तरी जनावर का खंगते, हा प्रश्न रवंथ करणाऱ्या प्राण्यांच्या पचनक्रियेशी निगडित आहे. कोठीपोटातील सूक्ष्मजीव तंतुमय चाऱ्याचे विघटन करतात व त्यावरच जनावराचे पोषण होते. या सूक्ष्मजीवांना नत्र लागते. चाऱ्यातील प्रथिनांचे प्रमाण साधारणतः ७ टक्क्यांच्या खाली गेले की त्यांची वाढ मंदावते, चारा पोटात अधिक काळ पडून राहतो आणि जनावराचे खाणेच कमी होते. कडबा, गव्हाचा भुसा, भाताचा पेंढा यांत प्रथिने याहून बरीच कमी असतात. अशा वेळी मूठभर पेंड जे साधते, ते आणखी एक पेंढी साधत नाही.

पेंड परवडत नसेल तेथे युरिया प्रक्रियेचा मार्ग आहे. १०० किलो कोरड्या चाऱ्यासाठी ४ किलो युरिया सुमारे ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थराथराने शिंपडावा, थर दाबून हवाबंद झाकावेत व सुमारे तीन आठवड्यांनी चारा वापरावा. न विरघळलेले खडे किंवा जनावराने चुकून प्यायलेले द्रावण प्राणघातक ठरते. सहा महिन्यांखालील वासरांना हा चारा देऊ नये. हे तंत्र कित्येक दशके पाठ्यपुस्तकांत आहे, परंतु गोठ्यात ते क्वचितच दिसते. याचे कारण शेतकऱ्याचे अज्ञान नसून त्यासाठी एकाच वेळी लागणारे पाणी, मजूर व जागा हे असावे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

टंचाईत जे मिळेल ते घातले जाते व त्यातून निराळे धोके उद्भवतात. पाण्याअभावी खुरटलेली, फुलोऱ्यापूर्वीची ज्वारी खाल्ल्यास हायड्रोसायनिक आम्लाची बाधा होते. त्यासच 'किरळ लागणे' म्हणतात. उसाच्या वाढ्यांत ऑक्झॅलेटचे प्रमाण अधिक असल्याने शरीरातील कॅल्शियम बांधले जाते; म्हणून वाढ्यांसोबत खनिज मिश्रण वा चुन्याची निवळी देण्याची शिफारस केली जाते. उसात साखर भरपूर, प्रथिने मात्र नगण्य. पाण्याचेही असेच आहे. प्रौढ जनावरास उन्हाळ्यात दिवसाला ४० ते ६० लिटर पाणी लागते. ते तोडले तर चारा समोर असूनही जनावर खात नाही.

कोणते जनावर ठेवावे?

तांत्रिक उपायांपेक्षा हा प्रश्न अवघड आहे. पशुशास्त्र सांगते, गाभण व नुकत्याच व्यालेल्या गाई, होतकरू कालवडी आणि कामाची बैलजोडी यांवर चारा आधी खर्च करावा. भाकड, वृद्ध व जास्तीची जनावरे शरीरावर मांस असतानाच कमी करावीत. व्यवहारात ती कमी करायची कोठे? खरसुंडीच्या पौषी यात्रेसारखे बाजार अवर्षणाच्या वर्षी विकणाऱ्यांनी भरतात व घेणारे थांबून राहतात. महाराष्ट्रात गाईच्या कत्तलीस १९७६ च्या कायद्याने बंदी होती. २०१५ मध्ये ती वळू व बैलांनाही लागू झाली. कायद्याच्या इष्टानिष्टतेची चर्चा हा येथील विषय नव्हे. तथापि निरुपयोगी जनावर विकून उरलेल्यांना चारा घेण्याचा मार्ग त्यामुळे अरुंद झाला, हे नोंदवणे आवश्यक आहे. उरतात ते बागायती पट्ट्यातील पाहुण्यांकडे जनावरे धाडणे अथवा निम्म्या वाट्याने सांभाळावयास देणे, हे जुने उपाय. तेही संधान दिवाळीत बांधले तरच जुळते, कारण एप्रिलमध्ये पाहुण्यांच्या दारीही रांग असते. पशुगणनेनुसार राज्यातील गोवंश २०१२ मध्ये सुमारे १ कोटी ५५ लाख होता, तो २०१९ मध्ये सुमारे १ कोटी ४० लाखांवर आला. यास यांत्रिकीकरणासह अनेक कारणे आहेत. दुष्काळ हे त्यांपैकी एक.

छावणीची मर्यादा

२०१८ मध्ये शासनाने ३१ ऑक्टोबर रोजी १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. छावण्यांबाबतचा निर्णय आला जानेवारी २०१९ च्या अखेरीस. मोठ्या जनावरामागे दैनिक अनुदान सुरुवातीस ७० रुपये होते, ते पुढे ९० व नंतर १०० रुपये झाले. छावण्यांनी असंख्य जनावरे वाचविली, याबद्दल दुमत नाही. परंतु छावणी गाभण कालवड आणि भाकड गाय यांत भेद करीत नाही. तिच्या दरपत्रकात जनावर फक्त लहान अथवा मोठे असते. आणि दुष्काळाची घोषणा ते छावणी यांमधील तीन महिने नेमके तेच असतात, ज्यांत वरील उदाहरणातील २,७०० किलो वैरण संपते. याच काळात गावपातळीवर वैरणीची मोजणी, पेंडीवर सवलत व गाभण जनावरांची नोंद झाली, तर छावणीवरील भार कमी होऊ शकेल. यासाठी नवीन यंत्रणा लागणार नाही. पशुवैद्यकीय दवाखाने व तलाठी कार्यालये आहेतच.

अवर्षणाची खरी किंमत मेलेल्या जनावरांच्या संख्येत पुरती दिसत नाही. फासळ्या व माकडहाड उघडे पडलेली गाय माजावर येत नाही. अंगावर मांस धरल्याशिवाय ती गाभण राहत नाही, आणि त्यानंतर सुमारे साडेनऊ महिने जातात. २०१९ च्या उन्हाळ्यात हाडांवर आलेली गाय त्याच वर्षी डिसेंबरमध्ये गाभण राहिली असे धरले, तरी ती विणार सप्टेंबर २०२० च्या सुमारास. तोपर्यंत त्या घरात दूध नसते व पुढच्या बैलजोडीचे वासरूही नसते.