रविवारची काळी-पिवळी

सकाळी ६

चहाच्या आधी गॅलरीतला आर्द्रतेचा काटा बघतो. सप्टेंबर सरत आला तरी डोंबिवलीत सकाळी तो ८०च्या खाली येत नाही, आणि ७०च्या वर असेल तर लॅकरची बाटली उघडायची नाही, हा माझा नियम. लॅकरमधलं थिनर झपाट्याने उडतं, उडताना पृष्ठभाग गार करतं, त्या गारव्यावर हवेतली वाफ बसते आणि काळा रंग दुधाळ होऊन जातो. ऊन पडलं तर ११ ते १ एवढा वेळ हाती लागेल. तोवर रंग सोडून बाकीची कामं.

आज टॅक्सी काळी करायची आहे. टॅक्सी म्हणजे मुंबईची प्रीमियर पद्मिनी, १:२४ मापाची. खरी गाडी ३९३० मिलिमीटर लांब, माझी १६४. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर खऱ्या गाडीत २३४०, माझ्या गाडीत साडेसत्त्याण्णव. टप गेल्या आठवड्यातच पिवळा केलाय, तो आता पक्का वाळलाय. बॉडी भांड्यांच्या साबणाने आणि मऊ ब्रशने धुऊन घेतो. बोटांचं तेल एखाद्या कोपऱ्यात राहिलं की तिथे रंग धरत नाही. धुतली की लगेच प्लास्टिकच्या डब्याखाली झाकायची. आमच्या गॅलरीखालून रिक्षांचा रस्ता जातो.

साडेसात

या छंदात एकच पाढा पाठ लागतो, २४चा. बॉडी मी रेझिनमध्ये थ्रीडी प्रिंट करून घेतली. प्रिंटचा एकेक थर ०.०५ मिलिमीटरचा, बोटाला जाणवतसुद्धा नाही. पण २४ने गुणा: खऱ्या गाडीच्या टपावर सव्वा मिलिमीटरच्या पायऱ्या दिसतील. म्हणून ४०० नंबरच्या वॉटर पेपरपासून २०००पर्यंत चढत जायचं, तेही पाण्यात भिजवून आणि तोंडाला मास्क लावून, कारण रेझिनची धूळ छातीत जायला नको. रंगाचंही तेच. ०.१ मिलिमीटरचा एक जाड हात बसला तर खऱ्या गाडीवर जवळजवळ अडीच मिलिमीटरचा गिलावा झाला. दारांच्या फटी तिथेच बुजतात.

दुकानातली स्वस्त मॉडेलं खेळण्यासारखी का दिसतात, याचं उत्तर मला तरी इथेच सापडलं. मडगार्डचा पत्रा दोन मिलिमीटर जाड ठेवला की खऱ्या गाडीत तो दोन इंचाला टेकतो. डोळ्याला हिशेब करता येत नसेल, पण काहीतरी चुकतंय हे त्याला बरोबर कळतं. सध्या माझ्या हातात बंपर आहे. त्याच्या कडा आतल्या बाजूने घासून पातळ करतोय. समोरून तो अखंड पत्र्याचा वाटला पाहिजे, मागून कसाही असो.

२४च का, असं लोक विचारतात. अर्ध्या इंचाला एक फूट धरलं की १:२४ येतं, एवढं ते सरळ आहे. १:४३ मात्र ब्रिटिश खेळण्यातल्या रेल्वेवरून आलंय, तिथे फुटाला ७ मिलिमीटर धरायचे. रुळांच्या शेजारी उभ्या करायच्या गाड्या रुळांच्या मापाच्या झाल्या, आणि पुढे रूळ गेले तरी माप राहिलं.

९

पोहे एका हाताने खाऊन होतात, मीटर एका हाताने होत नाही. त्यामुळे आधी पोहे.

पद्मिनीचं जुनं यांत्रिक मीटर गाडीच्या बाहेर, डावीकडे, पुढच्या काचेजवळ बसवलेलं असे. त्याला झेंडा, तो उभा असला की गाडी रिकामी, खाली पाडला की भाडं सुरू. मीटर आकडा दाखवायचं जुन्या दराचा, आणि उतरताना ड्रायव्हर छापील कार्डावर बोट ठेवून खरं भाडं सांगायचा. इलेक्ट्रॉनिक मीटर सक्तीचं झालं आणि हा सगळा खेळ संपला. माझी गाडी त्याआधीची आहे.

खरं मीटर वीतभराला जरा कमी, माझं ८ मिलिमीटर. एक मिलिमीटर जाडीच्या प्लास्टिक शीटचे चौकोन एकावर एक ठेवायचे आणि फटीला पातळ सिमेंटचा ब्रश नुसता टेकवायचा. द्रव आपोआप आत ओढला जातो, प्लास्टिक किंचित विरघळवतो आणि दोन तुकड्यांचा एक होतो. राहिलेल्या खाचेत चिमूटभर खाण्याचा सोडा टाकून त्यावर फेविक्विकचा थेंब सोडला की ती जागा क्षणात दगडासारखी होते. लांबी भरून रात्रभर थांबायची गरज नाही. झेंडा शीतपेयाच्या कॅनच्या पत्र्याचा. तो पत्रा इतका पातळ असतो की २४च्या पाढ्यालाही पुरून उरतो. मीटरच्या काचेसाठी फेविकॉलचा थेंब सुईने पसरवला. वाळला की पारदर्शक होतो. आयात केलेल्या बाटलीतही याच कामासाठी जवळपास हेच द्रव्य मिळतं, किंमत फक्त वेगळी.

११

काटा ६४वर. लेकीला सांगून ठेवलंय, तास-दीड तास गॅलरीत यायचं नाही.

पिवळा आधी आणि काळा नंतर, हा क्रम ठरलेला. पिवळा रंग झाकायला कच्चा. काळ्यावर मारायचा तर हातावर हात द्यावे लागतील आणि पुन्हा गिलावा होईल. मी तर पिवळ्याखाली आधी पांढरा दिला होता. आता पिवळा टप टेपने झाकायचा. टेपची मूळ कड घ्यायची नाही, ती रोल हाताळून धुळीने भरलेली असते. टेप काचेवर चिकटवायची, नव्या पात्याने दोन मिलिमीटरची पट्टी कापायची आणि ती ताजी कड लावायची. पिवळा नेमका कुठे संपतो, हे गाडीगणिक थोडं बदलायचं. मी तो काचांवरच्या पन्हळीशी थांबवलाय. पन्हळीच्या वळणावर पट्टी ताणायची नाही. ताणलेली टेप दहा मिनिटांनी आकसते आणि हळूच उचलते.

यानंतर काळ्याची घाई करायची नाही. टेपच्या कडेवरून आधी पिवळ्याचाच एक बारीक फवारा मारायचा. टेपखाली जे झिरपायचं असेल ते पिवळं झिरपतं, पिवळ्यात दिसत नाही, आणि फट बंद होते. मग आलेला काळा सुरीने कापल्यासारखा थांबतो. ही युक्ती कुणी काढली माहीत नाही, पण या छंदातल्या निम्म्या महागड्या वस्तूंपेक्षा ती मोलाची आहे.

एअरब्रशचं नोझल ०.३ मिलिमीटरचं, दाब १५ पीएसआय, रंग दुधाएवढा पातळ. फवारा गाडीच्या बाहेर सुरू करायचा आणि गाडीच्या बाहेरच संपवायचा. बॉडीवर थांबलात की ओघळ आलाच. आधी दारांच्या फटी, पन्हळीखालची जागा, बोनेटच्या कडा. मग मोठे भाग. पहिला हात नुसता धुकं, खालचा राखाडी प्रायमर दिसत राहिला पाहिजे. नवख्याला इथेच धीर धरवत नाही. दहा मिनिटं. दुसरा हात. दहा मिनिटं. तिसरा जरा ओला, म्हणजे कण एकमेकांत मिसळून सपाट होतात. रंग पुरता कडक व्हायच्या आत टेप काढायची, स्वतःवरच दुमडत, तिरकी ओढत.

कड स्वच्छ आली. काटा ६८वर चढलाय, बाटल्या बंद.

दीड

वरण-भात, काकडीची कोशिंबीर. ओल्या रंगाला बोट लावून बघायची खुमखुमी जिरवायला दुपारच्या झोपेसारखा उपाय नाही.

३

खालच्या मजल्यावरचा सातवीतला मुलगा आपली हॉट व्हील्स घेऊन येतो. मॅटेलने १९६८ साली काढलेल्या या गाड्या १:६४च्या म्हणून ओळखल्या जातात, पण माप नेहमी काटेकोर नसतं. लहान गाडी असो की ट्रक, साऱ्यांना साधारण एकाच लांबीत बसवायचं म्हणून माप पुढे-मागे होतं. खेळण्याला ते चालतं आणि मलाही चालतं.

उलटी धरून बुडाचे दोन रिव्हेट ड्रिलने उडवले की गाडी सुटी होते: जस्ताच्या मिश्रधातूची बॉडी, काच, सीट, तळ. रंग काढायचं द्रावण मी हातमोजे घालून लावतो, मुलांच्या हाती ते देत नाही. मूळ रंग सुरकुतून सोलला जातो आणि आतला करडा धातू उघडा पडतो, तेव्हा त्याचे डोळे बघण्यासारखे होतात.

"काका, याला एसटीचा लाल मारला तर?"

"स्पोर्ट्स कारला?"

"हो. आणि खाली लिहायचं, बोरिवली-स्वारगेट."

"मार की. गाडी तुझी आहे."

कस्टम म्हणजे काय हे याला कुणी शिकवावं लागलेलं नाही. चाकं मात्र रबरी टायरची हवीत, यावर तो अडून बसलाय. ती पुढच्या रविवारी.

साडेपाच

शेजारच्या विंगमधले आबा चहाला आले. आयुष्यभर टॅक्सी चालवली, त्यातली बरीच वर्षं पद्मिनी. बॉडी हातात न घेता, हात मागे बांधून, वाकून बघतात.

"एवढी चकाचक? दसऱ्याला तरी होती का रे अशी?"

"दसऱ्याचीच समजा, आबा."

"मग हार कुठाय?" आणि जरा थांबून, "मागच्या डाव्या दाराच्या हँडलखाली रंग कसा शाबूत राहिला? पॅसेंजर चढतो फुटपाथकडून. सगळ्यांच्या अंगठ्या, बांगड्या तिथेच घासतात. उजवं मागचं दार नव्यासारखं ठेव, ते कोण उघडतंय!"

मग एकेक सांगत गेले. डिकीत सीएनजीची टाकी, म्हणून बॅगा कॅरिअरवर. बॅगा कॅरिअरवर, म्हणून टपाच्या पिवळ्यावर ओरखडे, तेही कॅरिअरच्या आसपासच. ड्रायव्हरच्या काचेखाली दारावर कोपर टेकून टेकून काळ्याला वेगळीच लकाकी. गिअर स्टेअरिंगला, म्हणून पुढच्या सीटवर मध्ये जागा, आणि तिथलं रेक्झिन सगळ्यात आधी फाटायचं.

गाडी जुनी दाखवायची म्हणजे तपकिरी रंग थापायचा, गंज कुठेही लावायचा, ही आमच्यातली सध्याची फॅशन आहे आणि ती मला अजिबात पटत नाही. झीज कुणाच्या तरी हातामुळे, कोपरामुळे, बॅगेमुळे होते. तिला जागा ठरलेली असते. आबा गेल्यावर २००० नंबरच्या पेपरचा तांदळाएवढा तुकडा चिमट्यात धरून डाव्या हँडलखाली चारदा फिरवला. काळा विरला, खालचा करडा जेमतेम डोकावला. एक मिलिमीटर पुरे. खऱ्या गाडीवर तो इंचभर आहे.

८

जेवणाआधी बारीकसारीक. नंबरप्लेट भाड्याच्या गाडीची, म्हणून पिवळ्यावर काळी अक्षरं, २१ बाय ५ मिलिमीटर, साध्या कागदावर छापलेली. नंबर कुणाच्या खऱ्या गाडीचा घालत नाही. हेडलाइटच्या काचांसाठी फडके रोडवरून चकाकत्या टिकल्यांचं पाकीट आणलंय. बायकोने त्यातल्या मोठ्या आधीच काढून घेतल्या. मला लहानच हव्या होत्या.

साडेनऊ

एअरब्रश खोलून सुई, नोझल, कप थिनरने पुसायचे, खिडक्या उघड्या टाकून. हे काम कंटाळवाणं आहे आणि ते टाळणाऱ्याचा ब्रश दुसऱ्या महिन्यात थुंकायला लागतो.

कॅनचा पत्रा आणि टिकल्या वापरण्यामागे हौस आहे तसा हिशेबही आहे. सीमाशुल्काच्या यादीत मॉडेल किट खेळण्यांतच मोडतं, आणि खेळण्यांवरचं मूळ शुल्क २०२० साली २० टक्क्यांवरून ६० आणि २०२३ साली ७० केलं गेलं. बाहेरून एक किट मागवायचं तर घरात आधी ठराव मांडावा लागतो. पण पैशांपेक्षा मोठी अडचण मापांची आहे. जपानच्या शिझुओकातल्या तामिया कंपनीने १९७६ साली पोर्शे ९३४चं १:१२ किट काढलं, तेव्हा मापं मनासारखी मिळावीत म्हणून शुन्साकु तामिया यांनी पोर्शे ९११ विकत घेऊन ती खोलून पाहिली. ते किट आजही नावाजलं जातं. मला खोलायला पद्मिनी कुठून मिळणार? कुर्ल्याचा तो कारखाना कधीच थांबला. ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ला नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी २० वर्षांची मुदत भरून ३० ऑक्टोबर २०२३पासून रस्त्यावरून गेली. फोटो हजारो आहेत, पण जवळजवळ सगळे पुढून, तिरके, हौसेने काढलेले. दाराची आतली बाजू, डॅशबोर्डखालचा भाग, बिजागऱ्या, मागच्या सीटची पाठ यांचे फोटो कोण काढतो?

तेव्हा एक विनंती. तुमच्या गॅरेजात, गावच्या पडवीत पद्मिनी, अ‍ॅम्बेसेडर किंवा टेम्पो उभा असेल, तर भंगारवाल्याला बोलावण्याआधी एक दुपार त्याला द्या. समोरून, मागून, दोन्ही बाजूंनी अगदी सरळ फोटो काढा. लांब उभं राहून झूम करा, कारण जवळून काढलेल्या फोटोत मापं फसतात. प्रत्येक फोटोत गाडीला टेकवून एक फूटपट्टी ठेवा. दारं उघडून आतले काढा. चाकांमधलं अंतर, काचांची उंची, बंपरची रुंदी टेपने मोजून वहीत लिहा, आणि वहीवर गाडीचं साल टाका.