बारावीला ८२ टक्के, सीईटीला ६१ पर्सेंटाइल: मग कॉलेज कोणते निवडावे?



जून उजाडला की आपल्यापैकी कोणीतरी हमखास विचारते, "तुमच्या वसतिगृहातल्या मुलांना बारावीला एवढे चांगले गुण पडतात, मग इंजिनिअरिंगच्या यादीत ती इतकी खाली कशी?" प्रश्न आपुलकीचा असतो. या मुलांच्या वह्या-पुस्तकांना आणि जेवणाला आपला हातभार लागतो, म्हणून त्याचे नीट उत्तर द्यायला हवे.

आपल्या राज्यात इंजिनिअरिंगची गुणवत्ता यादी एमएचटी-सीईटीच्या पर्सेंटाइलवर लागते. बारावीचे गुण पाहतात ते मुख्यतः पात्रतेपुरते: खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के, राखीव प्रवर्गाला ४० टक्के. त्यापुढे ८२ असोत की ५२, यादीत त्याने जागा वर सरकत नाही. शिवाय पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत. ६१ पर्सेंटाइल म्हणजे परीक्षेला बसलेल्या शंभरांपैकी साधारण ६१ जण त्या मुलीच्या बरोबरीला किंवा तिच्या मागे आहेत. हे समजावून सांगेपर्यंत पाड्यावरचे आईवडील निकालाचा कागद हातात धरून गप्प बसलेले असतात.

ही तफावत पडते कशी? बोर्डाच्या परीक्षेत उत्तर लिहायचे असते, पाठ केलेले, समजलेले, दहादा सरावाने घोटलेले. सीईटीत तीन तासांत १५० प्रश्न संगणकावर सोडवायचे: भौतिक आणि रसायनशास्त्राचे १००, गणिताचे ५०. म्हणजे गणिताच्या एका प्रश्नाला दोन मिनिटेसुद्धा नाहीत. शहरातली मुले दोन वर्षे क्लासमध्ये फक्त हा वेग कमावत असतात. आमच्या काही मुलांनी माऊस पहिल्यांदा हातात धरला तो सराव परीक्षेला. चुकीच्या उत्तराचे गुण कापले जात नाहीत, तरीही ती प्रश्न कोरे सोडतात, कारण न येणारे लिहू नये असे शाळेत शिकवलेले असते!

म्हणून मी या मुलांचे बारावीचे गुण बाजूला टाकत नाही. यादीत त्यांचा उपयोग नसला तरी प्रवेशानंतर असतो. आश्रमशाळेत राहून ८२ टक्के मिळवणारी मुलगी रोज अभ्यासाला बसते, आणि इंजिनिअरिंगचे पहिले वर्ष अशाच मुलांचे निभते. प्रश्न एवढाच की तिला बसायला टेबल, जेवायला डबा आणि शंका विचारायला माणूस कुठे मिळेल. कॉलेज निवडताना आम्ही आधी हेच पाहतो.

गेल्या काही वर्षांतली एक मुलगी सांगतो. पालघर जिल्ह्यातली, गुण वर शीर्षकात दिले आहेत तेच. निकालानंतर आठवड्याभरात एक एजंट घरी पोहोचला. व्यवस्थापन कोट्यातून कॉम्प्युटरची जागा, आत्ता थोडे भरा, बाकी शिष्यवृत्तीतून येईल, असे त्याचे म्हणणे. वडील बैलजोडी विकायला निघाले होते. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या प्रवेशाला शासनाची शिष्यवृत्ती मिळत नाही, ही गोष्ट एजंट सांगत नाहीत. शासनाच्या केंद्रीय प्रवेशप्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधून गेले तरच आदिवासी विकास विभागाकडून शिक्षण शुल्क भरले जाते. तिने कॅपचा अर्ज भरला आणि पुढच्या एका फेरीत लांबच्या शासकीय कॉलेजात विद्युत शाखा मिळाली. शेजारचे म्हणाले, "कॉम्प्युटर नाही?" माझे मत स्पष्ट आहे: आकर्षक नावाची शाखा आणि रिकामी प्रयोगशाळा यांपेक्षा जुन्या शासकीय कॉलेजातली विद्युत, यंत्र किंवा स्थापत्य शाखा बरी. अमरावती, कराड, जळगाव, चंद्रपूर, यवतमाळ, रत्नागिरी येथे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत. नांदेड आणि लोणेरे येथील संस्थाही पाहाव्यात.

मागच्या वर्षीचे कटऑफ पाहताना खुल्या प्रवर्गाचा आकडा पाहून कॉलेज वगळू नका. अनुसूचित जमातीला ७ टक्के जागा आहेत आणि त्यांचा रकाना वेगळा असतो. तिथे 'जीएसटीएच' असे लिहिलेले दिसेल. घाबरू नका, तो कर नव्हे! 'जी' म्हणजे सर्वसाधारण, 'एसटी' म्हणजे अनुसूचित जमाती, 'एच' म्हणजे होम युनिव्हर्सिटी. 'एल' ने सुरू होणाऱ्या जागा मुलींसाठी, शेवटी 'एस' असेल तर राज्यपातळीवरच्या. बारावी जिथे झाली त्यावर होम युनिव्हर्सिटी ठरते: पालघरला मुंबई, नंदुरबारला जळगावचे, गडचिरोलीला गोंडवाना विद्यापीठ. पसंतीक्रमात मनातली कॉलेजे वर आणि हमखास मिळणारी खाली लिहावीत. मात्र पहिल्या क्रमांकावर जाण्याची तयारी नसलेले कॉलेज कधीही टाकू नये. पहिल्या फेरीत पहिली पसंती मिळाली की ती घ्यावीच लागते.

जी मुले आता दहावीत आहेत, त्यांच्यासाठी आणखी एक वाट आहे. मला ती फार मोलाची वाटते आणि मंडळीत ती फारशी माहीत नाही. शासकीय तंत्रनिकेतनात दहावीच्या गुणांवर प्रवेश मिळतो. तीन वर्षांची पदविका झाली की तिच्या गुणांवर पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येते, सीईटी न देता. नंदुरबार, गडचिरोली, विक्रमगड येथे अशी तंत्रनिकेतने आहेत. अभ्यासू पण वेगात मागे पडणाऱ्या मुलांना ही वाट मानवते, आणि पदवी अर्धवट राहिलीच तरी हातात पदविका असते.

आता कागदपत्रे. जातीचा दाखला असून पुरत नाही, पडताळणी समितीचे वैधता प्रमाणपत्र लागते. ते वेळेत नसेल तर राखीव जागा हातची जाते. अर्ज अकरावीतच शाळेमार्फत करावा. वडिलांकडील रक्ताच्या नात्यात कोणाची वैधता झाली असेल तर ती जोडावी. ६ सप्टेंबर १९५० पूर्वीची आजोबा-पणजोबांची शाळेची किंवा महसुलाची नोंद सापडली तर सोन्याहून पिवळे. काही पाळकांनी विचारले होते म्हणून लिहितो: अनुसूचित जमातींच्या १९५० च्या आदेशात धर्माची अट नाही. ती अट अनुसूचित जातींच्या आदेशात आहे, आणि दोहोंची गल्लत नेहमी होते.

शुल्क सुटले तरी खर्च सुटत नाही. आदिवासी विभागाच्या वसतिगृहात जागा मिळाली नाही तर 'स्वयम' योजनेतून राहण्या-जेवणाची रक्कम मिळते, पण ती हप्त्यांनी आणि बहुधा उशिरा. पहिले तीन महिने मुलाने काय खायचे, हा आमच्यापुढचा खरा प्रश्न असतो. ज्यांच्या घरी कॉलेजच्या गावात एखादी खोली रिकामी आहे, ज्यांच्याकडे चालू स्थितीतला जुना लॅपटॉप आहे, किंवा जे निवृत्त शिक्षक पहिल्या सत्राचे गणित आठवड्यातून दोन संध्याकाळी शिकवू शकतील, त्यांनी जुलैपूर्वी आपल्या पाळकांकडे नाव द्यावे. सर्वांत जास्त अडते ते गणिताच्या शिक्षकांवाचून.