संगणकाची धूळ कशी काढायची?

गटाचा हिशेब लिहिताना संगणक मध्येच बंद पडतो, अशी तक्रार आम्ही बऱ्याच जणींकडून ऐकतो. कारण अनेकदा साधंच असतं, धूळ. आतला पंखा धुळीनं भरला की यंत्र तापतं आणि स्वतःला वाचवायला बंद होतं. जतन न केलेला हिशेब मात्र जातो.

पंक्चरच्या दुकानातली हवा मारली तर? चालेल, पण जपून. कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी साठतं, कधी तेलही येतं. आधी टाकीखालची तोटी उघडून पाणी काढायला सांगा. मग हवा कोऱ्या कागदावर सोडून बघा. ओला किंवा तेलकट डाग पडला, तर ती हवा नको. दाब ३० पीएसआयच्या आसपास हवा. तो कमी करता येत नसेल, तर मऊ, कोरडा ब्रश बरा.

संगणक बंद करा, सगळ्या वायरी काढा, तो अंगणात न्या. नाकाला पदर बांधा. बाजूचं झाकण उघडा. नळी वीतभर लांब धरून थोडी थोडी हवा मारा. पंख्याची पाती बोटानं धरून ठेवा. हवेनं भरधाव फिरला तर पंखा बिघडतो. वीजपुरवठ्याचा बंद डबा मात्र उघडू नका. वायर काढल्यावरही त्यात वीज साठलेली असते.

आणि हो, साफसफाईआधी हिशेबाची प्रत पेनड्राइव्हवर घ्यायची. कष्टाच्या पैशाची नोंद आहे ती!