सूज उतरते, झीज उरते

वांगणी आणि नेरळ यांच्यामध्ये आमचे शेलू. लावणीत दिवसभर वाकणारे असोत की लोकलने ठाणे-मुंबई गाठणारे, चाळिशी-पन्नाशीनंतर गुडघ्यांची तक्रार दोघांचीही. ‘सुई घेतली की मोकळं वाटतं,’ हे मी इथे वारंवार ऐकतो. सुईत काय होते, हे मात्र सांगणाऱ्याला सहसा ठाऊक नसते. पुष्कळदा ते स्टेरॉइड असते.

मूत्रपिंडांवरच्या दोन छोट्या ग्रंथी कॉर्टिसॉल नावाचे संप्रेरक बनवतात. ही औषधे त्याचीच भावंडे. १९४८च्या सप्टेंबरात अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी आमवाताने जखडलेल्या एका तरुणीला कॉर्टिसोन दिले आणि काही दिवसांतच ती चालू लागली. १९५०चे नोबेल हेंच, केंडल आणि राइखश्टाइन यांना मिळाले. पण दीर्घकाळ मोठी मात्रा दिल्यावर सुजलेला चेहरा, ठिसूळ हाडे, वाढलेली साखर हेही लवकरच दिसले.

आमवातात शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यावर उलटते. स्टेरॉइड तिला आवरते. गुडघ्याच्या झिजेत मूळ दुखणे कूर्चेचे असते, सूज मागून येते. म्हणून सांध्यातल्या इंजेक्शनाने काही आठवडे आराम पडतो, कूर्चा भरून येत नाही. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत १४० रुग्णांपैकी निम्म्यांना दर तीन महिन्यांनी, दोन वर्षे स्टेरॉइड दिले, उरलेल्यांना नुसते मिठाचे पाणी. वेदनेत लक्षणीय फरक नव्हता. कूर्चा मात्र स्टेरॉइडवाल्यांची अधिक झिजली.

म्हणजे हे औषध वाईट, असे नव्हे. कोविडमध्ये प्राणवायूवर असलेल्या रुग्णांचे प्राण डेक्सामेथासोनने वाचवले. त्याच्याच अवाजवी वापराने, अनियंत्रित मधुमेहाच्या जोडीने, २०२१मध्ये महाराष्ट्रात काळ्या बुरशीला वाट मिळाली. फरक औषधात नव्हता. कोणाला, किती आणि किती दिवस, यात होता.

म्हणून सुई घेण्याआधी औषधाचे नाव आणि मात्रा कागदावर लिहून मागावी. मधुमेह असल्यास आधी सांगावे. नाव नसलेली पुडी घेऊ नये. ‘जडीबुटी’च्या पुड्यांतही स्टेरॉइड मिसळलेले सापडले आहे. आणि बरेच दिवस गोळ्या चालू असतील तर त्या एकदम थांबवू नयेत. आयते मिळत गेल्याने ग्रंथी सुस्तावलेल्या असतात, त्यांना जागे व्हायला वेळ लागतो. मात्रा डॉक्टरांच्या देखरेखीखालीच उतरवावी.

झिजेवर मांडीच्या स्नायूंचा व्यायाम आणि आटोक्यातले वजन हे उपाय संथ खरे, पण टिकाऊ. सुईने मिळालेले चार सुखाचे आठवडे त्या व्यायामाला लावले, तर तिचे चीज होते.