चक्कर नेमकी कशामुळे?

मांडवीच्या जेटीवर संध्याकाळी बराच वेळ बसून उठताना एखाद्या साठीतल्या माणसाच्या डोळ्यांपुढे अंधारी येते. मिनिटभरात बरे वाटले, की ‘पित्त झाले असेल’ म्हणून विषय संपतो. पण ही चक्कर मेंदूला क्षणभर कमी रक्त मिळाल्याची असू शकते.

आपण उभे राहतो तेव्हा रक्त पायांकडे उतरते. रक्तवाहिन्या लगेच आकुंचन पावून रक्तदाब सावरतात. किनाऱ्यावरच्या दमट हवेत घामावाटे पाणी आणि क्षार गेलेले असतील किंवा रक्तदाबाच्या अथवा प्रोस्टेटच्या गोळ्या चालू असतील, तर हे सावरणे कमी पडते. याचे निदान सोपे आहे. रुग्णाला पाच मिनिटे झोपवून रक्तदाब मोजायचा आणि उभे केल्यावर तीन मिनिटांच्या आत पुन्हा मोजायचा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला, तर कारण सापडले. मात्र गोळ्या स्वतःहून बंद करू नयेत.

कुशीवर वळताना मिनिटभराहून कमी वेळ घर गरगर फिरल्यासारखे वाटत असेल, तर दोष बहुधा अंतर्कर्णात असतो. तिथे रक्तपुरवठ्याचा प्रश्न नसतो.

खरी काळजी मेंदूच्या मागच्या भागाची. मानेच्या मणक्यांतून वर जाणाऱ्या दोन धमन्या लहान मेंदूला रक्त पुरवतात. तिथे गुठळी अडकली, तर चक्कर अचानक येते. सोबत एकाचे दोन दिसणे, जीभ जड होणे, गिळताना ठसका लागणे, चालताना एका बाजूला झोक जाणे यांपैकी काहीही असू शकते. हा पक्षाघातच असतो, हातपाय लुळे पडले नसले तरी. लक्षणे काही मिनिटांत ओसरली, तरी ती धोक्याची सूचना समजावी.

अशा वेळी मानेचा एक्स-रे काढून ‘मणक्यांची झीज’ म्हणणे पुरेसे नाही. पन्नाशीनंतर झीज बहुतेकांच्या एक्स-रेमध्ये दिसते. सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव कळतो, पण मागच्या भागातला ताजा पक्षाघात अनेकदा निसटतो. एमआरआय अधिक भरवशाचा, तरी पहिल्या एक-दोन दिवसांत तोही कधी चकवतो. म्हणून डोळ्यांची हालचाल आणि चाल यांची तपासणी महत्त्वाची ठरते. हृदयाचे ठोके अनियमित आहेत का, हे ईसीजी सांगतो; धमन्या कुठे अरुंद झाल्या आहेत, हे अँजिओग्राफीत दिसते.

डॉक्टरांना ‘चक्कर येते’ एवढेच सांगू नका. कधी आली, किती वेळ टिकली, तेव्हा काय करत होतात आणि कोणत्या गोळ्या चालू आहेत, हे सांगा. निम्मे निदान त्यातच होते.

वरची लक्षणे अचानक दिसली, तर १०८ ला फोन करा. गुठळी विरघळवणारे औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. मांडवीहून जिल्हा रुग्णालय शहरातच आहे. वेळ जातो तो ‘थोडे पडून राहिलो की बरे वाटेल’ म्हणण्यात.