हात वर केला की नाडी कुठे जाते?

१९८०च्या उन्हाळ्यात ह्यूस्टन ॲस्ट्रोज संघाचा बेसबॉलपटू जे. आर. रिचर्ड सारखी एकच तक्रार करत होता: चेंडू फेकताना उजव्या हातात जीवच राहत नाही. सहा फूट आठ इंचांचा हा धिप्पाड गडी. आदल्या हंगामात त्याने तब्बल ३१३ फलंदाज स्ट्राइकआउट केले होते. त्यामुळे तो अंगचोरपणा करतोय, अशीच कुजबुज सुरू झाली. जुलैअखेरच्या तपासण्यांत हाताच्या धमनीत अडथळा दिसला, तरीही देखरेखीखाली हलका सराव चालेल असे ठरले. ३० जुलैला सराव करतानाच तो कोसळला. तिशीतच त्याला पक्षाघात झाला होता.

हाताला रक्त पुरवणारी सबक्लेव्हियन धमनी गळ्याचे हाड आणि पहिली बरगडी यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेतून जाते. ही जागा आवळली गेली की थोरॅसिक आउटलेट सिंड्रोम उद्भवतो. बहुतेक रुग्णांत मज्जातंतू दाबले जातात. धमनी दाबली जाणारे शंभरात जेमतेम एक. पण तो एकच जास्त धोक्यात असतो. अशा अनेकांच्या मानेत जन्मतःच एक जादा बरगडी असते. वारंवार चेपली जाणारी धमनी अरुंद भागाच्या पुढे फुगते, तिचे अस्तर खरवडते आणि तिथे रक्ताच्या गुठळ्या धरतात.

या गुठळ्या सहसा बोटांकडे वाहत जातात. पण उजव्या हाताची धमनी आणि मेंदूकडे जाणारी उजवी धमनी एकाच खोडातून फुटतात, म्हणून गुठळी मागे वाढत गेली तर मेंदूही तिच्या टप्प्यात येतो. रिचर्डच्या बाबतीत हेच घडले.

निदानाची जुनी चाचणी ॲडसन या अमेरिकी शल्यविशारदाची, १९२७ची. रुग्णाने दीर्घ श्वास रोखून मान मागे न्यायची आणि दुखऱ्या बाजूला वळवायची. डॉक्टरांची बोटे मनगटावर. नाडी हरवली की संशय. पंचाईत अशी, की ठणठणीत माणसांपैकीही कित्येकांची नाडी अशा वेळी हरवते. उलट, हात खाली सोडून बसलेल्या खऱ्या रुग्णाची नाडी नीट लागू शकते.

म्हणून आता एकाच चाचणीवर कुणी विसंबत नाही. दोन्ही हातांचा रक्तदाब मोजतात. वरच्या आकड्यात २०हून अधिक फरक असेल तर पुढचा शोध सुरू होतो. एक्स-रेत जादा बरगडी दिसते. डॉपलर सोनोग्राफी हात खाली ठेवून, मग आडवा आणि शेवटी वर करून केली जाते: धमनी आवळली जाते तिथे रक्ताचा वेग एकदम वाढतो, पुरती बंद झाली तर प्रवाहच थांबतो. शस्त्रक्रियेचा विचार असेल तर सीटी अँजिओग्राफीही हात खाली आणि वर अशा दोन स्थितींत करतात.

नुसती नाडी हरवते आणि त्रास काहीच नाही, अशा माणसाला उपचार लागत नाहीत. फुगवटा किंवा गुठळी सापडली तर मात्र बरगडी काढून धमनी दुरुस्त करावी लागते. थंडीने बोटे पांढरी पडण्याचा रेनॉडचा त्रास बहुधा दोन्ही हातांना होतो. तरुण माणसाच्या एकाच हाताची बोटे गार, पांढरी पडत असतील किंवा त्यांवर बऱ्या न होणाऱ्या जखमा असतील, तर तपासणी मनगटाशी न थांबवता गळ्याच्या हाडापर्यंत न्यायला हवी.