विश्लेषण : ‘छावा’ पाहिला, आता वाचायचे काय?

फेब्रुवारी २०२५मध्ये ‘छावा’ चित्रपट आला आणि अनेकांनी शिवाजी सावंतांची १९७९ची मूळ कादंबरी हाती घेतली. पावणेतीन तासांत पडद्यावर न मावलेले संभाजीराजे त्यांना हवे आहेत. मात्र कादंबरीतले संवाद सावंतांचे, कागदपत्रांतले नव्हेत. चिटणीस बखरीने राजांवर मारलेला दुर्व्यसनीपणाचा शिक्का नाटकांनीही दीर्घकाळ गिरवला. तो पुसला वा. सी. बेंद्रे यांनी. अस्सल कागद धुंडाळून लिहिलेले त्यांचे चरित्र १९६०मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे कमल गोखले यांचे ‘शिवपुत्र संभाजी’ आले. बेंद्रे वाचायला जड, हे खरेच. पण ‘हे असेच घडले का?’ म्हणून कादंबरी उघडणाऱ्याला उत्तर त्यांच्याकडेच शोधावे लागते.